निजलेल्या लेकराची पाळी

अक्का, काल तुमच्या तेराव्याचं जेवून आले. बुंदी चांगली झाली होती. हे आधी सांगते, कारण कुणाच्याही कार्याला जाऊन आले की तुम्ही मला पहिल्यांदा तेच विचारायचात, काय काय होतं आणि मीठ बरोबर पडलं होतं का. वांग्याच्या भाजीत मीठ कमी होतं. तुमच्या भावजयीने तुमच्या मागेही हात आखडता घेतलाच.

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. वाटूरहून गाड्या आल्या होत्या. तीर्थपुरीच्या बायका आदल्या दिवशीच येऊन देवळात उतरल्या होत्या. एका विधवा बाईच्या तेराव्याला एवढी माणसं मंठ्यात कुणी पाहिली नव्हती. जी ती बाई आपलं पोर पुढे ओढून सांगत होती, ह्याला अक्कानं वाचवलं, हिला अक्कानं वाचवलं. डोळे पुसत होत्या, पुन्हा सांगत होत्या. मी वाढत होते. पाणी वाढलं, वरण वाढलं, बुंदी वाढली. माझ्या मंगलचं नाव कुणी काढलं नाही. कुणाला आठवणही नसेल.

त्या बायका सांगत होत्या ते खोटं नाही. पण ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं तुम्हाला आणि मला ठाऊक होतं, आणि आता एकट्या मला ठाऊक आहे. माझी पोर मी वेळेवर तुमच्या दारात आणली होती. एवढी एक गोष्ट तुम्ही ह्यांना, माझ्या दिनकरच्या वडिलांना, सांगायची होती. ती न सांगता तुम्ही गेलात. म्हणून आज शाळेतून आल्यावर चूलही न पेटवता लिहायला बसले आहे. तुम्ही असताना जे भांडण करायचं राहिलं, ते आता करते.

मी लग्न होऊन मंठ्याला आले तेव्हा पोलीस अॅक्शन होऊन वर्षही झालं नव्हतं. ह्यांना तहसिलीत कारकुनी होती. उर्दूत लिहिणारा हात एकदम मराठीत वळवायचा म्हणून चिडलेले असायचे, आणि मी नवी, तीर्थपुरीसारख्या ठिकाणाहून आलेली, कुणाशी दोन शब्द बोलायलाही बिचकायची. आमच्या दोन खोल्यांची मागची भिंत आणि तुमच्या भावाच्या दवाखान्याची भिंत एकच होती. भिंतीपलीकडून दिवसभर पोरांचं रडणं ऐकू यायचं. पहिल्या आठवड्यात मी रडकुंडीला आले. तुम्ही परड्यातून डोकावून म्हणालात, “नवी बहू का? घाबरू नको. रडणारं लेकरू म्हंजे जित्तं लेकरू. कान बसतील तुझे.” मग मला चहा पाजलात. या गावात मला माणूस म्हणून पहिल्यांदा कुणी हाक मारली असेल तर ती तुम्ही.

तुमचा भाऊ हैदराबादेत शिकून आलेला, आणि फक्त लेकरांचा डॉक्टर. लोकांना त्याचं फार नवल. मोठ्या माणसाला ताप आला की तो सरळ सांगायचा, दुसरीकडे जा. मंठ्याच्या आसपास पोरांसाठी दुसरं कुणी नव्हतंच. जालना गाठायचं तर वाटूरच्या फाट्यावर मोटारीची वाट बघत उन्हात उभं राहायचं, आणि तापलेलं पोर घेऊन ते कोण करणार! त्यामुळे दिवस उजाडायच्या आत दवाखान्यासमोर बैलगाड्या सोडलेल्या असायच्या.

औषधाला बाटली घरूनच आणावी लागे. आल्या आल्या ती बाटली ओट्यावरच्या ओळीत ठेवायची. बाटली हीच पाळी. कुणाच्या बाटलीच्या गळ्यात लाल चिंधी, कुणाच्या दोरा, कुणाच्या बुचाला हळद लावलेली. जिची तिला ओळखू यायची. बाटली ठेवली की बाई लेकराला घेऊन समोरच्या कडुलिंबाखाली बसायला मोकळी. तपासायच्या खोलीच्या दाराशी तुम्ही पाट टाकून बसायचात, ओळीतली पहिली बाटली उचलून “ही कोणाची गं?” म्हणून विचारायचात आणि ती बाई आत जायची. डॉक्टर आत आणि तुम्ही दारात. आत कोण कधी जाणार हे तुम्हीच ठरवायचात.

रझाकारांच्या आधी म्हणे कुठल्याही दवाखान्यात मोठ्या घरची पोरं पुढे जायची. तुम्ही ते चालू दिलं नाही. देशमुखांची सून रेशमी पदर सावरत आली तरी तिची बाटली तिच्या जागी. त्याबद्दल मला तुमचा अभिमान वाटायचा. पण तुम्ही तुमचा म्हणून एक कायदा त्यात घातला होता. जे लेकरू जोरात रडेल त्याची बाटली तुम्ही उचलून पुढे ठेवायचात. ओळीतली बाई कुरकुरली तर म्हणायचात, “अगं, तुझं गप आहे न्हाई का? मंग बस की जरा. त्येचा जीव कासावीस होऊन राह्यलाय.”

हे कुठून आलं ते तुम्ही मला शेवया करताना सांगितलं होतंत. तुमच्या सासरी, मोटारच काय पण धड रस्ताही नसलेल्या गावात, एका पावसाळ्यात तुमची दोन लेकरं गेली. थोरलं रात्रंदिवस रडत होतं. “रडून रडून गेलं गं माझं. ऐकणारं कोणी न्हवतं.” त्यानंतर नवरा गेला आणि भावाने तुम्हाला इथे आणलं. मला तेव्हा वाटलं, देवाने या बाईला बरोबर जागी बसवलं आहे. अक्का, मला अजूनही तसं वाटतं, आणि त्याचाच जास्त राग येतो.

तुमचा कायदा बायकांना कळायला किती वेळ लागणार? पाळी लांब दिसली की पदराआड चिमटा निघायचा. पोर ठणाणा करायचं, तुमचा हात बाटलीकडे जायचा. सगळ्या ओट्याला ठाऊक होतं. मी एकदा तुम्हाला म्हटलं, “अक्का, त्या सगळ्या तुम्हाला बनवतात हो.” तुम्ही हसून म्हणालात, “बनवू दे. माय आपल्या लेकराला चिमटा काढते ती हौसेनं का?” जी बाई चिमटा काढत नाही तिच्या लेकराचं काय, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

माझी मंगल गुणी होती. सगळ्याच आया म्हणतात, पण ती खरंच गुणी होती. भूक लागली तर मुठी चोखत बसायची. तुम्हीच म्हणायचात, वत्सलची पोर घरात आहे का न्हाई ते कळत न्हाई. बसायला लागली होती, तुमच्या पाटाशी बसून बुचं खेळायची. तुम्ही तिच्यासाठी मोठी बुचं निवडून धुऊन ठेवायचात, गिळू नयेत म्हणून. हे मी विसरलेले नाही. वाईट तेवढंच आठवायचं असं मी ठरवलं असतं तर हे लिहिणं फार सोपं झालं असतं.

वैशाख होता. हे तहसीलदारांबरोबर दौऱ्यावर गेले होते. मंगलला जुलाब सुरू झाले, मग उलट्या. जायफळ उगाळून दिलं, पाणी पाजलं, पाजलेलं सगळं बाहेर आलं. उजाडताना तिला पदरात गुंडाळून मी तुमच्या ओट्यावर आले. बाजाराचा दिवस, गाड्याच गाड्या. माझी बाटली, गळ्याला निळा दोरा बांधलेली, ओळीत ठेवली. पुढे बऱ्याच बाटल्या होत्या. मी थेट तुमच्याकडे आले. विसरला नसाल. मी म्हटलं, “अक्का, ही बघा ना, कशी करते.”

तुम्ही पदर बाजूला केलात. मंगलचे डोळे अर्धे मिटलेले. तुम्ही तिच्या गालावरून हात फिरवलात आणि हळू आवाजात म्हणालात, “निजली गं. रातभर जागली असंल. निजू दे, निजलेलं लेकरू उठवू न्हाई. तिला लिंबाखाली घेऊन बस, मी आवाज देते.”

मी बसले. तुम्ही सांगितलं म्हणून बसले. माझ्यापेक्षा जास्त लेकरं पाहिलेली बाई सांगते आहे की ही निजली, मला किती बरं वाटलं असेल! मीही तिला थोपटत राहिले, अक्का. एक पोर रडलं, बाटली पुढे गेली. वाटूरची एक बाई, तिचा पोरगा कान फाटेस्तोवर ओरडत होता, त्याची बाटली पुढे गेली. त्याला कानाचं दुखणं होतं, तो आत जाऊन थेंब घालून हसत बाहेर आला. ऊन ओट्यावर चढलं. मी दोनदा उठून आले. एकदा तुम्ही लांबूनच हात केलात, बस बस. दुसऱ्यांदा म्हणालात, “निजलीय न्हाई का अजून? चांगलंच आहे की.” कुणाचंही वाईट चिंतून तुम्ही हे केलं नाही. झोपलेल्या बाळाची झोप मोडू नये एवढंच तुमच्या मनात होतं. आपल्याकडे कुठलीही बाई हेच करेल. पण दारात तुम्ही बसला होता, कुठलीही बाई नव्हे.

शेवटी आत गेले. डॉक्टरांनी तिच्यावरचा पदर बाजूला केला आणि त्यांचा चेहरा उतरला. टाळूवर बोट ठेवलं, तिथे खळगा पडला होता. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. ते ओरडले, “बाई, इतका वखत काय करून राह्यलात घरी? लेकरू सुकून गेलंय!” मी म्हणाले, “मी उजाडल्यापासून इथेच आहे.” त्यांनी सुई भरता भरता, मान वर न करता विचारलं, “अक्का, कधी आल्या ह्या?”

तुम्ही दारात उभ्या होता, हातात पुढची बाटली. तुम्ही ती पदराने पुसत होता. आणि तुम्ही म्हणालात, “आत्ताच आल्या जराशा.”

डॉक्टरांनी सुईने तिच्या मांडीत मिठाचं पाणी भरलं. बराच वेळ ते तिच्यावर वाकून होते, बाहेर पोरं रडत होती. दुपारी ती गेली. रडली नाही.

तुम्ही का तसं बोललात ते मला तेव्हाच कळलं होतं. तुमची भावजय कधीपासून टपून होती, की अक्कांना दारावरून उठवा आणि चुलीपुढे बसवा. दारातला तो पाट गेला असता तर तुम्ही त्या घरात फक्त दोन वेळ जेवणारी विधवा नणंद उरला असता. डॉक्टर भाऊ म्हणून कितीही चांगले, पण चूक खपवून घेणारे नव्हते. हे सगळं मला कळतं. मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, तेही मी स्वतःला विचारलेलं आहे. पण अक्का, तुम्ही स्वतःला वाचवायला जे वाक्य बोललात ते माझ्या गळ्यात बांधलंत, आणि मला ते सोडता आलं नाही.

हे दौऱ्यावरून आले. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, जरा पहिले आणलं असतं तर काही करता आलं असतं. सासूबाई गावाहून आल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगू लागल्या, “आजकालच्या पोरी. लेकरू जाईपर्यंत उगाळीत बसली.” मी ह्यांना म्हटलं, मी सकाळीच गेले होते. हे म्हणाले, “डॉक्टर काय बोलले ते ऐकलंय मी.” त्यावरून हे मला कधी टाकून बोलले नाहीत. मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त त्यानंतर घरात कुणाला साधं शिंकलं तरी माझ्याकडे बघतात, आणि म्हणतात, आता तरी जल्दी घेऊन जा. आजही म्हणतात.

तुमचं नाव मी तेव्हा घेतलं नाही, कारण त्या दिवसांत माझ्याजवळ तुमच्याशिवाय कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी माझी छाती दुधाने तटतटली, ताप भरला. सासूबाई पाठ करून बसलेल्या. तुम्ही परड्याच्या दाराने आलात, ओच्यात मोगरा घेऊन. ज्या बाईने वर्षानुवर्षं फूल हातात धरलं नव्हतं ती कुणाच्या तरी बागेतून ओचाभर मोगरा तोडून आली. फडक्यात घालून तुम्ही तो माझ्या छातीवर घट्ट बांधलात, दूध आटावं म्हणून. मी तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. मला तुमची किळस येत होती आणि तुम्हाला सोडवतही नव्हतं. तुम्हीही रडत होता. मला वाटलं, आता ही बोलेल. तुम्ही एवढंच म्हणालात, “गाठ सोडू नको हां, सकाळपर्यंत.”

मग तुम्ही बदललात. तुमचं तेरावं जेवायला आलेल्या सगळ्या बायकांना ठाऊक असलेली अक्का ती. तुम्ही पाटावरून उठून लिंबाखाली फिरायला लागलात. जी बाई लेकरू झाकून गप बसली असेल तिच्याकडे आधी. पदर वर करायचा, टाळू बघायची, पोटाची कातडी चिमटीत धरून बघायची. “रडणारं राहू द्या गं, त्येच्यात जीव आहे. निजलेलं आधी दाखवा.” कुणी म्हणालं की निजलेलं लेकरू उठवू न्हाई, तर तुम्ही अंगावर जायचात. किती लेकरं तुम्ही तशी उचलून, बाटलीबिटली सोडून, हातातून थेट आत नेलीत! ती वाचली. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे, भिंतीपलीकडून ऐकलं आहे. त्यातल्या प्रत्येकाच्या वेळी मला आनंद झाला आणि प्रत्येक वेळी वाटलं की हे माझ्या पोरीवर शिकलेलं आहे, निदान तिचं नाव तरी घ्या.

पुढे दिनकर झाला. त्याला न्हाऊमाखू तुम्हीच घातलंत. त्याला कधी ताप आला, खोकला आला, तर त्याची बाटली ओळीत लागलीच नाही. मी परड्यातून यायची आणि तुम्ही मला मागच्या दाराने थेट आत न्यायचात. ओट्यावरच्या बायका माझ्याकडे बघायच्या. आधी ज्या देशमुखाच्या सुनेला तुम्ही उन्हात बसवलंत, तिच्यापेक्षा मी मोठी झाले होते. हे काय होतं ते आपल्या दोघींना कळत होतं. मला तो मागचा दरवाजा नको होता, अक्का. मला ह्यांच्यापुढे उच्चारलेलं एक वाक्य हवं होतं.

आणि तुमच्या शब्दाला ह्यांच्याजवळ वजन नव्हतं असं थोडंच होतं? मुलींच्या शाळेत मास्तरीण हवी होती. मी विचारलं तर हे म्हणाले, बिलकुल न्हाई. तुम्ही एका संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसलात. “वत्सलला शाळेत जाऊ द्या. दिनू मी सांभाळते. घरात बसून बसून तिचं डोकं फिरंल.” हे दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन आले. एवढी तुमची किंमत. आज मी पोरींना शिकवते, चार माणसांत मान आहे, हे लिहिता येतं आहे, ते तुमच्यामुळे. त्याच ओसरीवर, त्याच संध्याकाळी, आणखी एक वाक्य बोलायचं होतं. ओठ हलवायला कितीसा त्रास पडला असता?

एकदा मी विषय काढला होता. तुमच्या गच्चीवर कुरडया घालत होतो. चीक तुम्ही शिजवला होता, मी सोऱ्या दाबत होते. मी म्हटलं, “अक्का, त्या दिवशी डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं...” तुम्ही लगेच म्हणालात, “जल्दी हात चालव, चीक गार होऊन राह्यला. गार झाला की तुटतात.” मी हात चालवला. त्या कुरडयांतली खरंच एकही तुटली नाही. वर्षभर पुरल्या. तळताना दर वेळी माझा जीव जळायचा.

तुम्हाला पोटात गाठ झाली, तुम्ही अंथरुणाला खिळलात, तेव्हा मी रोज यायची. शाळा सुटली की आधी तुमच्याकडे. पेज भरवायची, केस विंचरायची. मोठ्या माणसांचा डॉक्टर म्हणून जालन्याहून एकाला आणलं, त्याने नुसती मान हलवली. एक दिवस तुम्ही माझा हात धरलात आणि विचारलंत, “वत्सल, माझ्यावर राग आहे का गं तुझा?”

मी म्हटलं, “कशाचा राग असावा?”

तुम्ही म्हणालात, “तेच इचारते तुला.”

मी म्हटलं, “तुम्हीच सांगा.”

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग भावजय औषध घेऊन आली आणि तुम्ही हात सोडलात. त्यानंतर तुमची शुद्ध गेली ती गेलीच. लोक म्हणतील, मरणाच्या दारातल्या बाईशी आडवं कशाला बोलायचं, म्हणायचं होतं, नाही हो राग. पण मी का म्हणायचं? सगळं मीच का सोपं करून द्यायचं? तुम्ही विचारलंत याचा अर्थ तुम्हाला ठाऊक होतं. मला तेवढ्यावर समाधान मानता आलं असतं. नाही मानता आलं.

काल पंगती उठल्यावर डॉक्टर ओट्यावर उभे राहिले. फार थकलेत ते आता. म्हणाले, “गपगार पडलेलं लेकरू अक्काला हात लावल्याबरोबर कळायचं. मी शिकून आलो, तिला ते उपजतच होतं.” बायका हुंदके द्यायला लागल्या. माझ्या हातात बुंदीची परात होती. उपजत! मी परात खाली ठेवली आणि तुमच्या परड्यातून घरी निघून आले. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

संध्याकाळी हे ओसरीवर बसले होते. मी समोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. लिंबाखाली बसवलं ते, दोनदा उठून गेले ते, डॉक्टरांनी विचारलं ते आणि तुम्ही काय उत्तर दिलंत तेही, शब्दाला शब्द. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तुमचं नाव घेतलं. ह्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, झालं. सुटले.

मग हे म्हणाले, “अक्का अन् झूट बोलतील? दहा गावची लेकरं राखली त्या बाईनं.” मी म्हटलं, “माझं नाही राखलं.” हे माझ्याकडे बघायला लागले. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मी भांडले असते. दया करावी तसं बघितलं, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “जाऊ दे. तुझी बी काही चूक न्हाई. लेकराचं दुःख आहे, माणूस कोणावर तरी ढकलतो. पण असं बाहेर बोलू नको कुठं, लोक तोंडात शेण घालतील.”

आज सकाळी शाळेत निघाले तर दिनकर खोकत होता. हे म्हणाले, आता तरी जल्दी घेऊन जा.

अक्का, तुम्ही होता तोवर मला दर सणाला, दर आजारपणाला वाटायचं की आज ही परड्यातून येईल, ओसरीवर बसेल आणि ह्यांना सांगेल की वत्सल उजाडल्यापासून माझ्या दारात होती. म्हणून तर मी तुमच्याशी कधी तोडलं नाही. आता मी कुणाची वाट बघू?